मोदकाचा डबा कोणी कापला?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाहून निघताना हल्ली हातात एक कागदी डबी पडते. पतंगाच्या आकाराची, नाहीतर झाकणावर हलव्याच्या दागिन्यांची नक्षी कोरलेली, आत तिळाचे चार लाडू. गणपतीत मोदकाच्या आकाराचा डबा मिळतो, मुंजीचं आमंत्रण उघडलं की आतून दंड घेतलेला बटू उभा राहतो, बारशाच्या कार्डावरचा पाळणा खरोखर हलतो. तुम्ही कौतुक केलंत की यजमानीण म्हणते, "घरीच केलंय." आणि लगेच, जरा ओशाळून, "म्हणजे मशीनने कापलंय हं. मी फक्त दुमडलं आणि चिकटवलं."

तुम्हीही हे वाक्य ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. मला त्यातलं 'फक्त' खटकतं. मी कागदाच्या तंतूंवर संशोधन करते. पीएचडीही त्यातच झाली, आणि आता पोस्टडॉक म्हणून दिवसभर कागद ताणणं, दुमडणं आणि फाडणं हेच माझं काम आहे. त्यामुळे हे क्रिकट किंवा सिलुएट नावाचं यंत्र घरोघरी दिसायला लागल्यावर मी त्याच्या पूर्वजांचा शोध घेत गेले. सापडलं ते असं, की कागद कापणारं यंत्र आणि कागद कापणारा हात यांचं भांडण दोनशे वर्षांहून जुनं आहे, आणि त्यात खरा प्रश्न 'काम कोण करतं' हा क्वचितच होता. प्रश्न होता, नाव कोणाचं लागतं आणि आकार कोणाच्या मालकीचा. त्या गोष्टी आज तुम्हाला सांगते.

सुरुवात एका नावापासून करू. एतिएन द सिलुएट हे गृहस्थ १७५९ साली काही महिने फ्रान्सचे अर्थमंत्री होते. युद्धामुळे तिजोरी रिकामी, म्हणून त्यांनी श्रीमंतांवर कर बसवायचं आणि खर्चाला कात्री लावायचं ठरवलं. लोक इतके चिडले की स्वस्त, काटकसरीच्या कुठल्याही गोष्टीला त्यांचं नाव चिकटवलं गेलं. त्या काळी तैलचित्र काढून घेणं ज्यांना परवडत नसे ते काळ्या कागदातून चेहऱ्याची बाजू कातरून घेत. गरिबाचं पोर्ट्रेट ते सिलुएट. मंत्र्याच्या टवाळीतून आलेला हा शब्द आज एका कटिंग मशीनच्या कंपनीचं नाव आहे.

आता फिलाडेल्फियाला चला. न्यू जर्सी-पेन्सिल्वेनियातली आपली मंडळी भारतातून पाहुणे आले की त्यांना इंडिपेन्डन्स हॉल आणि लिबर्टी बेल दाखवायला नेतात. त्याच इमारतीत १८०२ पासून चार्ल्स विल्सन पील या चित्रकाराचं म्युझियम होतं. पेंढा भरलेले पक्षी, मॅस्टोडॉन नावाच्या प्राचीन हत्तीचे अवशेष, क्रांतीतल्या वीरांची चित्रं असा सगळा संग्रह, आणि त्यात एक नवलाईचं यंत्र: फिजिओनोट्रेस. जॉन आयझॅक हॉकिन्स या इंग्रज संशोधकाने ते बनवलं होतं. तुम्ही बाजूला तोंड करून बसायचं, एक लहान पितळी तुकडा कपाळापासून हनुवटीखालपर्यंत हळूच फिरवला जायचा, आणि त्याला जोडलेल्या दांड्यांची रचना तीच रेषा कागदावर लहान करून उमटवायची. चेहरा दोन इंचांहूनही कमी. कागद आधीच दोनदा दुमडलेला असे, म्हणजे एका कातरण्यात चार प्रती. मधला चेहरा कापून काढून टाकायचा आणि उरलेल्या पांढऱ्या चौकटीमागे काळा कागद लावायचा. कापून पडलेल्या चेहऱ्यांना पील 'ब्लॉकहेड' म्हणत असे. इंग्रजीत मठ्ठ माणसाला म्हणतात तोच शब्द.

लक्षात घ्या, यंत्र फक्त रेघ ओढत होतं. कापायचं काम हाताचं होतं, आणि तो हात होता मोझेस विल्यम्स या तरुणाचा.

मोझेस पीलच्याच घरात गुलाम म्हणून जन्मला. त्याचे आईवडील मेरीलँडमध्ये काढलेल्या एका चित्राच्या मोबदल्यात पीलकडे आले होते. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत मागे जाऊन वाचावं लागलं होतं. पुढे आईवडील मुक्त झाले, पण मुलगा त्या काळच्या पेन्सिल्वेनियातल्या नियमाप्रमाणे २८ वर्षांचा होईपर्यंत बांधलेलाच राहिला. पीलने आपल्या मुलांची नावं राफाएल, रेम्ब्रां, टिशन, रुबेन्स अशी ठेवली होती आणि त्यांना रंग, कुंचला, तैलचित्रण शिकवलं. मोझेस त्याच घरात वाढला, पण त्याच्या वाट्याला कात्री आली. १८०२ मध्ये, मुदतीच्या वर्षभर आधी, पीलने त्याला मुक्त केलं आणि त्या यंत्रापाशी बसवलं.

लोकांची झुंबड उडाली. पहिल्याच वर्षात ८,८८० चेहरे कापले गेल्याची नोंद पीलनेच केली आहे. यंत्र कोणीही फिरवू शकत होतं. प्रेक्षकांना स्वतः रेघ ओढून पाहायचीही मुभा होती. पण पापणीचा केस, ओठांमधली फट, कानामागे सुटलेली बट हे यंत्राला येत नव्हतं. ते मोझेस कात्रीने रेघेच्या किंचित आत-बाहेर जात करत असे. यंत्राची कीर्ती त्याच्या कातरण्यावर टिकून आहे, असं खुद्द पीलच लिहून गेला आहे. काही सेंटांच्या मोबदल्यावर मोझेसने इतकं कमावलं की दुमजली विटांचं घर घेतलं आणि पीलच्या घरच्या गोऱ्या स्वयंपाकिणीशी, मारियाशी, लग्न केलं. ही मारिया आधी त्याच्यासोबत एका टेबलावर जेवायलाही बसत नसे. हे पीलच्या मुलाने, रेम्ब्रांने, म्हातारपणी लिहून ठेवलं म्हणून आपल्याला माहीत आहे.

आणि त्या हजारो चेहऱ्यांवर नाव कोणाचं? कागदावर उठावाचा शिक्का असे 'म्युझियम' असा. मोझेसचं नाव कुठेच नाही. फिलाडेल्फियाच्या लायब्ररी कंपनीत एक कातरचित्र आहे, खाली लिहिलंय 'मोझेस विल्यम्स, कटर ऑफ प्रोफाइल्स'. बरीच वर्षं ते राफाएल पीलचं काम मानलं जात होतं. ग्वेंडोलिन ड्युबॉय शॉ या कलेतिहासकार बाईंनी वेगळंच सुचवलं: हे मोझेसने स्वतःच कापलेलं स्वतःचं चित्र असू शकेल, आणि यंत्राने ओढलेली केसांची रेघ त्याने कात्रीने बदलली आहे. बाईंचं म्हणणं सगळ्यांनाच पटलं आहे असं नाही. मला मात्र त्यातला एक भाग फार महत्त्वाचा वाटतो. यंत्राने दिलेल्या रेघेपासून हात किती आणि कुठे ढळतो, तिथेच कापणाऱ्याची सही असते.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगते. एस्थर हॉवलंड ही मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरची मुलगी, १८४७ ची पदवीधर, वडिलांचं स्टेशनरीचं दुकान. इंग्लंडहून आलेलं एक व्हॅलेंटाइन कार्ड तिने पाहिलं आणि तसंच करायचं ठरवलं. त्या कार्डांची शान होती कागदी लेस. १८३४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये कोणाच्या तरी लक्षात आलं होतं की ठशाने उठाव आणलेल्या कागदाची वर आलेली टोकं कानशीने घासली की बारीक छिद्रांची जाळी तयार होते. एस्थरने ती लेस मागवली, नमुने तयार केले आणि दुकानाचा माल विकायला निघालेल्या भावाजवळ दिले. दोनशे डॉलरच्या ऑर्डर आल्या तरी पुष्कळ, अशी तिची अपेक्षा, आणि भाऊ पाच हजारांच्या घेऊन परतला असं सांगतात. मग घरातल्या लांब टेबलाभोवती मैत्रिणी बसल्या. एकीने फुलं कापायची, दुसरीने पार्श्वभूमी चिकटवायची, तिसरीने लेस लावायची. दिवाळीत आपल्याकडे करंज्यांना बायका बसतात तोच थाट. एस्थरच्या कार्डामागे लाल रंगात छोटा 'एच' असे. टेबलाभोवतीच्या बाकीच्यांचं अक्षर कुठेच नाही.

कार्डाची बाजू झाली. डबीची बाजू याहून जुगाडू आहे.

रॉबर्ट गेअर हा एडिनबरोला जन्मलेला, चौदाव्या वर्षाच्या आसपास अमेरिकेत आलेला माणूस. यादवी युद्धात लढला आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये कागदी पिशव्यांचा धंदा केला. १८७९ मध्ये त्याच्या कारखान्यात बियाणांच्या पिशव्या छापल्या जात होत्या. पिशवीवर घडीची रेघ दाबण्यासाठी यंत्रात धातूची एक पट्टी बसवलेली असे. ती पट्टी सरकून थोडी वर आली आणि रेघ दाबण्याऐवजी तिने पिशव्या कापल्या. हजारो पिशव्या वाया गेल्या. दुसरा कोणी असता तर कामगारावर ओरडून मोकळा झाला असता. गेअरच्या डोक्यात मात्र पेटलं की एकाच साच्यात काही पट्ट्या उंच आणि धारदार, काही बुटक्या आणि बोथट बसवल्या तर एका दाबात पुठ्ठा कापलाही जाईल आणि घड्याही पडतील. तोपर्यंत पुठ्ठ्याची खोकी हाताने आखून, कापून, कोपरे चिकटवून बनत आणि तयार खोकी रिकामी हवा भरून गाडीतून न्यावी लागत. गेअरची खोकी सपाट जात, आणि दुकानात पोचल्यावर एका झटक्यात उभी राहत.

यामागचं विज्ञान माझ्या रोजच्या कामातलं आहे, म्हणून जरा रेंगाळते. जाड कागद म्हणजे तंतूंचे एकावर एक थर. तो तसाच दुमडला तर बाहेरचा थर ताणला जाऊन तडकतो. काळ्या किंवा लाल कार्डस्टॉकवर घडीत पांढरी चीर दिसते ती हीच. आधी बोथट धारेने दाब दिला तर आतले थर एकमेकांपासून सुटतात. मग दुमडताना ते आतल्या बाजूला फुगून जागा करून देतात आणि वरचा थर शाबूत राहतो. म्हणजे घडीची रेघ हा कागदाला नेमक्या जागी दिलेला अशक्तपणा आहे. याचा घरगुती उपयोग असा: दाबलेली खाच डबीच्या बाहेरच्या बाजूला आली पाहिजे आणि उठलेला कंगोरा आत. अनेक जण बरोबर उलट दुमडतात, कारण खाचेत कागद मिटावा हे मनाला सोपं वाटतं. दुसरं म्हणजे, कागदालाही लाकडासारखा रेषा असतो. कारखान्यात लगदा ज्या दिशेने धावतो त्या दिशेने जास्त तंतू झोपतात. त्या दिशेला समांतर घडी सुरेख पडते, आडवी घडी कुरकुरते. मोदकाच्या डब्याच्या पाकळ्या सगळ्या दिशांना असतात, म्हणून त्यातल्या दोन नेहमी रुसतात. चूक तुमची नसते.

गेअरच्या खोक्यांनी दुकानं बदलली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नॅशनल बिस्किट कंपनीने यूनीडा बिस्किटं पिंपातून सुटी विकण्याऐवजी घडीच्या खोक्यात घातली. आपल्याकडे वाण्याच्या पोत्यातून पुडी बांधून मिळणारी साखर पुढे पाकिटात आली, तसंच. ब्रुकलिनमध्ये गेअरच्या इमारतींचा अख्खा मोहल्ला उभा राहिला. आजच्या महागड्या डंबोतल्या काही इमारतींवर त्याचं नाव अजून आहे.

पण गेअरच्या साच्याची एक अट होती. साचा घडवायला खर्च येतो, म्हणून एकसारखी खोकी हजारांनी हवीत. इथे तुमच्या-माझ्या गोष्टीचा धागा येतो. अमेरिकेतल्या दुकानात हॅलोवीनचा भोपळा, नाताळचं झाड, ईस्टरचा ससा यांच्या डब्या ढिगाने मिळतात. मोदकाची डबी मिळत नाही. कारण ती कोणाला चाळीस हवी असते, कोणाला पंचवीस, आणि त्यासाठी कोणी साचा घडवणार नाही. परदेशातला आपला सण हा नेहमी गेअरच्या हिशोबात न बसणाऱ्या आकड्याचा राहिला. साच्याशिवाय कापणारं यंत्र आल्यावरच हा आकडा परवडू लागला.

ते यंत्र यायला एका पायजम्याची मदत झाली. हाइन्झ जोसेफ गर्बर हा व्हिएन्नाचा ज्यू मुलगा १९४० मध्ये आईबरोबर अमेरिकेत पोचला. वडील मागे राहिले आणि ज्यूंच्या संहारात गेले. इंजिनियरिंग कॉलेजात असताना आलेखांवरचे आकडे मोजून मोजून तो कंटाळला. त्याने पायजम्याच्या कमरेचं इलॅस्टिक काढलं, त्यावर समान खुणा केल्या आणि ते ताणून कुठल्याही आलेखावर बसणारी पट्टी केली. त्या ताणपट्टीतून त्याची कंपनी उभी राहिली. पुढे संगणकाच्या आज्ञेने रेषा काढणारी यंत्रं आली, आणि १९६० च्या दशकाच्या शेवटी गर्बरने पेनाच्या जागी पातं लावून कापडाचे थरच्या थर कापणारं यंत्र आणलं. कापड हलू नये म्हणून खालून हवा ओढून ते धरून ठेवलं जाई. आज तुमच्या मशीनबरोबर येणारी चिकट मॅट हेच काम स्वस्तात करते.

गर्बरच्याच कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पाट्यांसाठी चिकट व्हिनाइलमधून अक्षरं कापणारं यंत्र काढलं, आणि ते खऱ्या अर्थाने तुमच्या घरातल्या यंत्राचं आजोबा. पात्याची युक्ती पाहा. पात्याचं टोक त्याच्या अक्षाच्या नेमक्या खाली नसतं, किंचित मागे असतं, त्यामुळे ते ओढलं जाईल त्या दिशेला आपोआप वळतं. कॉस्टकोतल्या ढकलगाडीचं पुढचं चाक असंच वळतं. म्हणूनच अणकुचीदार कोपऱ्यावर पातं कधी कधी कागदाचा तुकडा उपटतं. तिथे त्याला जागच्या जागी गिरकी घ्यावी लागते.

या यंत्राने पाट्या रंगवणाऱ्यांचा धंदा बसवला, हेही लिहायला हवं. महाराष्ट्रात ज्याला आपण 'रेडियमचं दुकान' म्हणतो तिथे हा बदल तुम्ही पाहिला असेल. आधी ब्लेडने हाताने अक्षर कापणारा कलाकार रिक्षाच्या मागे 'आईचा आशीर्वाद' चिकटवत असे. मग दुकानात प्लॉटर आला आणि तीच अक्षरं दोन मिनिटांत सरसर कापून बाहेर पडायला लागली. हाताने कापणाऱ्यांपैकी काही जण संगणक शिकले, बाकीच्यांचं काय झालं याची नोंद कोणी ठेवली नाही. मोझेसच्या बाबतीत निदान मालकाच्या मुलाने दोन ओळी लिहिल्या.

कारखान्यातून हे यंत्र घरात आलं ते यूटामधून, आणि तेही अपघाताने नाही. तिथल्या मॉर्मन समाजात पूर्वजांच्या नोंदी ठेवणं हे धर्मकार्य मानलं जातं. १९८० साली सॉल्ट लेक सिटीत वंशावळी आणि नोंदींवर जागतिक परिषद भरली, तिथे मॅरिएलन क्रिस्टेन्सन या बाईंनी आपल्या कुटुंबाचे पन्नास अल्बम मांडले. पुढच्याच वर्षी त्यांनी स्पॅनिश फोर्क या गावात अशा वह्यांच्या सामानाचं दुकान काढलं, आणि स्क्रॅपबुकिंगची लाट आली. फोटोभोवती लावायला अक्षरं आणि आकार हवेत, म्हणजे कापायला काहीतरी हवं. प्रोव्हो क्राफ्ट ही त्याच परिसरातली हस्तकलेच्या सामानाची कंपनी. २००० च्या दशकाच्या मध्यावर तिने क्रिकट बाजारात आणलं.

पहिल्या क्रिकटला संगणक लागत नसे. व्हिडिओ गेमसारखं एक कार्ट्रिज खोचायचं, कळ दाबायची, आकार कापून मिळायचा. आकार कार्ट्रिजात बंद, आणि प्रत्येक कार्ट्रिज वेगळं विकत घ्यायचं. मशीन तुमचं, कागद तुमचा, वेळ तुमचा, पण आकार कंपनीचा. लोकांनी 'शुअर कट्स अ लॉट' आणि 'मेक द कट' अशी बाहेरची सॉफ्टवेअर वापरून स्वतःचे आकार कापायला सुरुवात केली. २०११ च्या सुमारास कंपनी कोर्टात गेली, आणि तडजोडीत त्या सॉफ्टवेअरांमधून क्रिकटची सोय काढली गेली. २०१४ मध्ये नवं मशीन आलं त्यात मात्र स्वतःचं चित्र चढवायची मुभा होती. पण कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधून, इंटरनेटवरून.

मग मार्च २०२१ आला. कंपनी शेअर बाजारात उतरायच्या तयारीत होती, आणि त्याच महिन्यात तिने जाहीर केलं की यापुढे महिन्याला २० च डिझाइन फुकट चढवता येतील, जास्त हवी तर वर्गणी भरा. करोनाच्या वर्षात घरी बसून मुलांच्या वाढदिवसाची खोकी कापणाऱ्या, मास्कवर नावं लावून चार पैसे मिळवणाऱ्या लाखो बायकांना हे समजलं. राग इतका उसळला की आठवड्याभरात निर्णय मागे घ्यावा लागला. मला हा प्रसंग इतिहासात नोंदवण्याइतका मोठा वाटतो. 'मी फक्त चिकटवते' म्हणणाऱ्यांनी एकदम, एका आवाजात सांगितलं की आकार आमचा आहे. आपल्या मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांतही त्या आठवड्यात गणपतीच्या जवळजवळ सहा महिने आधीच गणपतीची चर्चा सुरू झाली होती, कारण एका मखराला विसाहून जास्त तुकडे लागतात.

मखरावरून आठवलं. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आणली, आणि त्या गणपतीपासून पुठ्ठ्याच्या घडीच्या मखरांना जोर आला. सपाट नेता येतात म्हणून ती बॅगेतून इथेही येतात. गेअर असता तर खूष झाला असता. थर्माकोल तापल्या तारेने कापून महिनोन्‌महिने मखरं करणाऱ्या कारागिरांचा मोसम मात्र त्या वर्षी गेला. बंदी बरोबरच होती असं मला वाटतं, पण त्यांचं नुकसानही खरं होतं.

आता देवनागरी. माझ्या पाहण्यात आलेल्या एकाही जुन्या कार्ट्रिजात आपली लिपी नव्हती. स्वतःचं डिझाइन चढवता येऊ लागल्यावरच मराठी कापता आलं, आणि कापताना लिपीबद्दल एक मजेदार गोष्ट कळते. 'हॅपी बर्थडे' रोमन छापील अक्षरांत कापा, सगळी अक्षरं सुटी पडतात, एकेक ओळीत चिकटवत बसावं लागतं. 'शुभ दीपावली' कापा, शब्द एकसंध हातात येतो, कारण सगळी अक्षरं शिरोरेघेला लटकलेली. केकवर खोचायच्या पाटीला किंवा तोरणाला देवनागरीसारखी सोयीची लिपी नाही. पण सॉफ्टवेअरला हे ठाऊक नसतं. ते प्रत्येक अक्षर वेगळं समजून कडेने कापत जातं आणि शिरोरेघेचे तुकडे करतं. आधी सगळी अक्षरं एकात एक विरघळवून घ्यावी लागतात, त्याला तिथे 'वेल्ड' म्हणतात. काही सॉफ्टवेअरात जोडाक्षरं फुटतात, 'हार्दिक'मधली वेलांटी 'द'च्या पलीकडे जाऊन बसते. म्हणून जाणकार मंडळी शब्द दुसरीकडे लिहून, त्याचं चित्र करून मग चढवतात. आणि अनुस्वार! तो कशालाच चिकटलेला नसतो. कापला की तिळाएवढा ठिपका मॅटवर राहतो, मॅट झटकली की गेला. 'हळदीकुंकू' अनुस्वाराविना चाळीस डब्यांवर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यावर एका काकूंनी काढलेला उपाय मला फार आवडतो: अनुस्वाराला एक केसाएवढा देठ काढायचा आणि तो शिरोरेघेला टेकवायचा. दुरून दिसत नाही. यंत्राच्या रेघेपासून हात ढळतो म्हटलं ना, ते हेच.

अशा युक्त्या कुठे छापलेल्या नसतात. फायलींबरोबर फिरतात. माझ्याकडे मोदकाच्या डब्याची एक फाइल आहे, 'मोदक फायनल फायनल ३' नावाची. ती मला न्यू जर्सीतून आली, तिथे ती डॅलसहून आली होती, डॅलसला बहुधा लंडनहून. उघडली तर त्यात वेगवेगळे हात दिसतात. पाकळ्या नऊ आहेत, आधी कोणी तरी आठ काढून मग बदलल्याच्या खुणा खालच्या थरात अजून आहेत. कोणी तरी चिकटवायच्या कडा थोड्या अरुंद केल्या, कारण शेंड्याशी कागद दाटत असणार. कोणी घडीच्या रेघा तुटक केल्या, म्हणजे ज्यांच्याकडे दाब देणारं हत्यार नाही त्यांनाही दुमडता येईल. नाव कोणाचंच नाही. इंटरनेटवर अशीच एखादी फाइल कोणी चार डॉलरला विकताना दिसतं, तेव्हा विकणाऱ्याने ती काढली की गटातून उचलली हे कळायला काही मार्ग नसतो.

म्हणून वाचकहो, ही नऊ पाकळ्यांची, शेंड्याला तिरकी खाच असलेली फाइल तुमची असेल, किंवा त्यातली एखादी दुरुस्ती तुमची असेल, तर कळवा. तळाच्या पट्टीवर, आतल्या बाजूला, अर्ध्या इंचाची मोकळी जागा आहे. पेनाने लिहायची सोय मशीनमध्ये असतेच. तुमची नावं तिथे घालून मी ती पुढे पाठवीन. अनुस्वार असलेलं नाव असेल तर देठासकट.